नंदुरबारच्या शेगड्या

सुरत-भुसावळ मार्गावर थंडीच्या दिवसांत नंदुरबारला उतरलात, तर दोन वास लगेच नाकात शिरतात. एक मिरचीचा. बाजारात आलेली ओली लाल मिरची शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत पडलेली असते आणि परका माणूस शिंकल्याशिवाय राहत नाही. दुसरा वास कोळशाचा. दिवस मावळला की मोहल्ल्याच्या तोंडाशी सीख कबाबच्या शेगड्या पेटतात. लोखंडी पत्र्याची लांबट पेटी, चार पाय, तळाला भोके, वारा घालायला एक पुठ्ठा. उर्दूच्या तासाला मी मुलांना तिला अंगीठी म्हणायला शिकवते, मराठीच्या तासाला शेगडी. घरी सगळे सिगडीच म्हणतात.

अशाच एका शेगडीवर माझ्या खालांचे घर चालते. खालू वारल्यापासून त्या सीख आणि टिक्क्या करून विकतात. रमजानचा महिना म्हणजे त्यांची वर्षाची कमाई. दोन वर्षांपूर्वी मुलाने त्यांना पंख्याची शेगडी आणून दिली. तिच्यात कोळशाऐवजी पेलेट जाळायचे, म्हणजे भुसा आणि शेतातला कचरा दाबून केलेल्या बोटाएवढ्या कांड्या. खाली बॅटरीवर चालणारा छोटा पंखा. तो हवा फुंकतो, कांड्यांतून निघणारा वायू वरच्या वर जळतो, म्हणून धूर जवळजवळ नाही. खालांचा खोकला कमी झाला. हे मी स्वतः पाहिले आहे, त्यामुळे त्या शेगडीला सरसकट नावे ठेवणार नाही.

पावसाळ्यात पहिली कटकट सुरू झाली. पेलेटला दमट हवा लागली की ते फुगतात आणि त्यांचा परत भुसा होतो. नवी गोणी सुरतेहून मागवावी लागे. पुढे ऐन रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात पंखाच थांबला. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने तो उघडून पाहिला. बॅटरी ठीक होती, सर्किटमधला एक भाग जळाला होता आणि तसा भाग गावात मिळत नव्हता. विकणाऱ्या दुकानदाराने फोन उचलणे सोडून दिले होते. त्या दिवशी असरनंतर खालांनी कोठीतून जुनी सिगडी काढली. तिचा तळही गंजून पडला होता. पण कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने भोके पाडलेला पत्रा मगरिबच्या आत बसवून दिला. घेतले दीडशे रुपये. कबाब त्याच संध्याकाळी विकले गेले.

हा प्रकार एकट्या आमच्या घरचा नाही. आमची ती शेगडी दुसऱ्याच कुणाची होती, पण महाराष्ट्रात पेलेटच्या शेगडीचा मोठा प्रयोग होऊन गेला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या मदतीने बीपी या तेल कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची पंख्याची शेगडी तयार केली आणि २००६च्या सुमारास बाजारात आणली. २००९मध्ये ते काम पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेले. काही लाख घरांत ती पोचली. शेगडी चांगली होती, स्वयंपाक झटपट होई. पण शेतातल्या ज्या कचऱ्यापासून पेलेट होत, तोच कचरा कारखान्यांच्या बॉयलरलाही हवा होता. कच्चा माल महागला, तसे पेलेटही महागले. कंपनीने मग हॉटेले आणि मोठी स्वयंपाकघरे यांच्याकडे मोर्चा वळवला आणि घराघरांतल्या शेगड्या थंडावल्या.

अमेरिकेत मांस भाजायची पेलेटवर चालणारी यंत्रे मिळतात. ओरेगॉन राज्यात १९८०च्या दशकात त्यांची सुरुवात झाली. एका बाजूला पेलेटची पेटी, त्यातून कांड्या पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा, पेटवायला विजेची तापणारी कांडी, वर पंखा आणि तापमान सांभाळणारा बोर्ड. तिथेही दमट पेलेटने दांडा अडकतो. फरक इतकाच की तिथे सुटा भाग घरपोच येतो.

नंदुरबारहून शहाद्याला निघालो की प्रकाशाजवळ तापी ओलांडावी लागते आणि पुढे उसाची शेते सुरू होतात. तोडणीनंतर शेतात पाचट पडते. बहुतेक ठिकाणी ते काडी लावून जाळून टाकतात. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने याच पाचटाचा कोळसा करायची भट्टी तयार केली. त्या कोळशाच्या भुकटीत खळ मिसळून वड्या पाडायच्या. या कामाला २००२मध्ये इंग्लंडचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेचा ‘सराई’ कुकर आहे: एक उंच भांडे, आत एकावर एक डबे, तळाला थोडे पाणी आणि खाली कोळशाची छोटी शेगडी. शंभरेक ग्रॅम कोळशाच्या वड्यांवर चार-पाच माणसांचा वरणभात वाफेवर शिजतो. एकदा पेटवला की जवळ बसावे लागत नाही. त्यात ना पंखा, ना तार. मला तरी आमच्या जिल्ह्यासाठी हाच रस्ता जास्त पटतो, कारण पाचटही इथलेच आणि पत्राकाम करणारेही इथलेच.

कोळशाचा एक दोष मात्र लपवू नये. धूर दिसत नाही म्हणून बायका थंडीत पेटती शेगडी खोलीत घेतात आणि दार लावून झोपतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस जातो. शेगडी अंगणातच ठेवा. आत घ्यावीच लागली तर दार-खिडकी उघडी असू द्या, आणि झोपण्यापूर्वी तिला बाहेर काढा.

वर धडगावकडे सातपुडा चढू लागलो की कोळसाही संपतो. पाड्यांवर मातीची चूल आणि लाकूडफाटा. ती चूल बिघडली तर घरातली बाई ओल्या मातीचा हात फिरवते. खाली मैदानात आमचे खानदेशी भरताचे वांगे अजून कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. तो स्वाद कुठल्या बोर्डाने सांभाळलेल्या तापमानावर येईल असे मला वाटत नाही, पण ही झाली माझ्या जिभेची बाजू.

खालांच्या सिगडीला वेल्डिंगवाल्याने आता हाताने फिरवायचा पंखा लावून दिला आहे, मक्याची कणसे भाजणाऱ्यांकडे असतो तसा. पुठ्ठा हलवून दुखणारा त्यांचा खांदा वाचला. “मोटार का नाही लावलीस, भाई?” मी त्याला विचारले. तो म्हणाला, “मॅडम, मोटार जळाली की खाला माझ्याकडेच येणार. मला मोटार बांधता येत नाही.”