गायरानाविना कोंडवाडा

हूड जनावराच्या गळ्यात आमच्याकडे लोढणं बांधत. बाभळीचं जड लाकूड, एका टोकाला भोक, त्यातून ओवलेला दोर. ते गाईच्या पुढच्या दोन पायांमध्ये लोंबत राही. गाय रमतगमत चरत असली तर तिला त्याचा फारसा जाच नसे. उधळली की मात्र ते पायांवर आदळे आणि चाल आपोआप मंदावे. माझे आजोबा लोढणं बांधण्याआधी वाकसानं त्याच्या कडा तासून गोल करत आणि गाईजवळ उकिडवे बसून तिच्या गुडघ्याची उंची वितीनं मोजत. लाकूड हाडावर बसता कामा नये, एवढाच त्यांचा कटाक्ष. खोड मोडायची तर मोडा, पाय मोडू नका, असं ते सालदारालाही बजावत.

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला लावलेला जॅमर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते लोढणं आठवलं होतं. पुढं विचार करत गेलो तसं ध्यानात आलं की लोढण्यापेक्षा जॅमरचं जवळचं नातं कोंडवाड्याशी आहे.

लोढण्याला न जुमानणारं जनावर शेवटी कोंडवाड्यात जाई. गावाच्या कडेला चार भिंतींचं उघडं आवार, आत पाण्याचं टाकं, दाराला फाटक. नागपूरच्या बाजूला त्यालाच कांजी हाऊस म्हणतात. इंग्रजांनी 1871 साली गुरांच्या आगळिकीबद्दल कायदा केला आणि या कोंडवाड्यांना रीतसर रूप आलं. कायदा बारकाईनं केलेला होता. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्यानं धरावं, पण स्वतःच्या गोठ्यात डांबून ठेवू नये, 24 तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावं. सडकेवर मोकाट फिरणारी गुरं पोलिसांनी धरावीत. मालकानं दंड भरावा, वर जनावराच्या चाऱ्यापाण्याचा खर्च द्यावा आणि ते सोडवून न्यावं. सात दिवस कोणी फिरकलं नाही तर पुढं नोटीस आणि लिलाव.

आमची मोरी गाय कोंडवाड्यात गेली की आजोबा खांद्यावर दुपट्टा टाकून निघत. दंड भरत, गाय सोडवत आणि परतताना ज्याच्या तुरीत ती शिरली असेल त्याच्या धुऱ्यावर जाऊन नुकसान डोळ्यांनी बघून येत. कोंडवाड्याबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी वावगा शब्द ऐकला नाही. गावातही त्याच्यावर फारसा कोणाचा राग नव्हता. का नव्हता, ते मला फार उशिरा उमगलं. गावाला जसा कोंडवाडा होता तसं गायरानही होतं. वऱ्हाडात त्याला ई-क्लासची जमीन म्हणतात. सकाळी आखरावर गुरं गोळा होत, गायकी ती ई-क्लासवर नेई आणि दिवेलागणीला परत आणी. जनावरानं कुठं जावं याची सोय गावानं आधी केलेली असे आणि ती सोडून जे दुसऱ्याच्या पिकात शिरे त्याच्याच वाट्याला कोंडवाडा येई. दंड त्यामुळं लोकांना न्यायाचा वाटे.

पांढरकवड्याच्या बाजारालाही ही समज होती. केळापूर तालुक्याचं हे ठिकाण, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या सडकेवरचं. पलीकडे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद. बाजाराच्या दिवशी आम्ही दमणीनं येत असू. वस्तीच्या अलीकडे झाडांखाली मोकळी जागा होती, तिथं बैल सोडायचे, दमणी धुऱ्यांवर टेकवायची, बैल चाकाला बांधून पुढ्यात कडबा टाकायचा आणि पायी बाजारात शिरायचं. शेजारी कोलामांच्या पोडांवरून आलेल्या बंड्या, पाटणबोरीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या माणसांच्या बंड्या. कोणाची बंडी कोणाच्या आड आली म्हणून कुरबूर झालेली मला आठवत नाही, कारण जागाच ऐसपैस होती. 1972 साली सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली तेव्हापासून हंगामात खरेदी केंद्रांवर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या. मापाला नंबर लागेपर्यंत माणसं रात्री बंडीखाली काढत. त्या रांगांचे हाल मी पाहिले आहेत आणि त्यांचं गुणगान मी करणार नाही. पण शेतकरी आपलं वाहन घेऊन येणार आणि त्याला थांबावं लागणार, हे त्या काळच्या बाजाराला ठाऊक होतं.

वडिलांची सायकल मात्र गावाच्या आत, दुकानाच्या पायरीपर्यंत जाई. तिच्या हँडलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे. सायकल भलत्या ठिकाणी लावली तर चाकाची हवा सोडून देत, फारच झालं तर व्हॉल्व्ह काढून घेत. मग ती ढकलत पंपवाल्याकडे न्यायची. शिक्षा होती, लाज वाटावी अशीही होती, पण ती तिथल्या तिथं संपे. आणि सायकल त्या जागेवरून हलत असे, हे मला आज फार महत्त्वाचं वाटतं.

पुढं वाहनं भराभर बदलली. राजदूत गावात एखादीच असायची. फिरोदियांच्या कंपनीची लुना 1972 ची, पण आमच्या गावात ती यायला बरीच वर्षं लागली, तीही शाळेच्या मास्तरांच्या घरी. मग दुधाचे कॅन लटकवलेली एम-80 आली, 1985 नंतर हीरो होंडा दिसू लागली आणि 1994 ची स्प्लेंडर आली तेव्हापासून तर बैलजोडी विकून मोटारसायकल घेण्याची रीतच पडली. आज आमच्या भागातल्या शेतकऱ्याची मोटारसायकल म्हणजे त्याची बंडी आणि दमणी दोन्ही. तिच्यावर खताची गोणी येते, फवारणीचा पंप येतो, बाळंतीण येते, तापानं फणफणलेलं लेकरू येतं. बंडीचं सगळं काम मोटारसायकलनं उचललं, पण बंडीच्या वाट्याची मोकळी जागा मात्र मोटारसायकलला मिळाली नाही. तालुक्याच्या गावागावांतून त्या जागांवर गाळे उभे राहिले, टपऱ्या आल्या, कुठं कचरा आला.

ज्या जॅमरनं मला हे सगळं आठवायला लावलं तो एका मोठ्या शहरात, रुग्णालयाच्या समोर होता. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला शंभर-दीडशे किलोमीटर जातात, बरेचदा मोटारसायकलवरूनच. गाडीवर आमच्या जिल्ह्याचं एमएच-29 पाहिलं म्हणून मी थांबलो. पिवळ्या रंगाची, बोटभर जाडीची लोखंडी पट्टी, कमानीसारखी वाकवलेली. तिचं एक टोक आऱ्यांमधून आरपार जाऊन पलीकडच्या पट्टीत बसलेलं. कुलपाला करवत लागू नये म्हणून त्याच्याभोवती पत्र्याची पेटी वेल्डिंग केलेली. रंगाचे पोपडे उडून आत गंज दिसत होता. सीटवर कागद चिकटवलेला, त्यावर मोबाइल नंबर. गाडीचा मालक, साठीचा माणूस, चाकापाशी बसून ते कुलूप नुसतंच हातानं चाचपत होता. हातात औषधाची पिशवी.

नंबर लावला, पण हवालदार यायला बराच वेळ गेला. तो एकटा आणि त्याच्याकडे तीन रस्त्यांच्या किल्ल्या.

"सायेब, नातू भरती हाय. औषधी आनाले गेल्तो, लागूनच आलो," म्हातारा म्हणाला.

"काका, मला समजतं. पण पावती करावीच लागते," हवालदार म्हणाला. तो उर्मट नव्हता. त्याच्या अंगावर ऊन होतं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यानं यंत्रातून पावती काढली, पैसे घेतले, कुलूप उघडलं. या सगळ्या वेळात ती मोटारसायकल होती तिथंच, रुग्णालयाच्या फाटकाच्या कडेला, रस्ता अडवून उभी होती. एक रुग्णवाहिका तिला वळसा घालूनच आत गेली.

ज्या गाडीमुळं रस्ता अडतो तिलाच तिथं खिळवून ठेवायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. कोंडवाड्यात जनावर नेलं की पीक तरी वाचे. टोइंगची गाडी मोटारसायकल उचलून नेते तेव्हा निदान रस्ता मोकळा होतो. जॅमरनं रस्ता मोकळा होत नाही, माणूस अडकतो.

त्याचं मूळ पाहिलं म्हणजे हे असं का झालं ते कळतं. जॅमर जन्मला अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात. फ्रँक मारुग हा तिथल्या सिंफनी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवी आणि साच्यांचे नमुने बनवण्याचं कामही करी. 5 जानेवारी 1955 रोजी डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचं हे उपकरण पहिल्यांदा वापरलं गेलं आणि 1958 मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते होतं दंडाच्या पावत्या साठवत जाणाऱ्या, पैसे न भरणाऱ्या मोटारवाल्यांसाठी. त्यांच्या गाड्या ओढून नेल्या तर आतलं सामान चोरीला गेल्याची तक्रार होई, म्हणून गाडी जागीच जखडायची. रस्ता मोकळा करणं हा त्याचा हेतू नव्हताच, वसुली हा होता. निर्ढावलेल्या माणसासाठी घडवलेलं ते लोखंड पहिल्यांदाच चुकलेल्या, औषध आणायला गेलेल्या म्हाताऱ्याच्या चाकात बसलं, हा त्याचा गैरवापर आहे असं मी मानतो.

आपल्याकडे त्याला कायद्याचा आधार आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा, त्यातलं कलम 127. सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस सोडलेली किंवा मनाई असलेल्या ठिकाणी लावलेली गाडी हलवण्याचा अथवा चाक जखडून ठेवण्याचा आदेश देता येतो, पण तो गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्यानं. गाडी उचलून नेण्याचा खर्च दंडाशिवाय वेगळा, मालकाच्या माथी. कोंडवाड्याचं चारापाणी आणि हा खर्च एकाच जातीचे. गणवेशाची अट मला मोलाची वाटते. शेतकऱ्यानं धरलेलं जनावर स्वतःच्या गोठ्यात ठेवू नये, या जुन्या नियमामागं जे शहाणपण होतं तेच इथं आहे. दुसऱ्याची वस्तू अडवून पैसे घेण्याची मोकळीक कोणालाही दिली तर तिची खंडणी व्हायला वेळ लागत नाही. स्कॉटलंडच्या न्यायालयानं 1992 मध्ये खासगी जागेवरच्या जॅमरबाबत नेमकं हेच सांगितलं, ही खंडणी आहे आणि चोरीही आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत जॅमर लावण्यावर 1 ऑक्टोबर 2012 पासून बंदी आली. आपल्या शहरांतून हल्ली सोसायट्यांचे रखवालदार आणि दुकानांचे पहारेकरीही जॅमर बाळगतात. त्यांच्या हातातलं कुलूप काढून घेतलं पाहिजे.

दंड नकोच असं मला म्हणायचं नाही. डिसेंबर 2021 पासून राज्यात दंडाच्या रकमा वाढल्या, नो पार्किंगला पहिल्या वेळी 500 रुपये. आता तर फोटो काढला की ई-चलान थेट मालकाच्या मोबाइलवर येतं. ज्याची चलानं थकत गेली, जो मुद्दाम भरत नाही, त्याला जॅमर लावा, तो डेन्व्हरच्याच हिशेबानं योग्य ठरेल. पण 500 रुपये ही एक गोष्ट आणि माणसाचा दिवस ही दुसरी. पोडावरून आलेल्या माणसाला तहसीलचा एक कागद, बँकेतली एक सही आणि दवाखाना एकाच खेपेत उरकायचा असतो. त्याचे दोन तास चाकापाशी गेले की कचेरीची खिडकी बंद होते आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. पावतीवर ही रक्कम कुठंच लिहिलेली नसते.

आज पांढरकवड्यात बाजाराच्या दिवशी उभं राहावं आणि गाड्यांचे नंबर वाचत जावं. एमएच-29 तर असणारच, पण चंद्रपूरची 34 आणि नागपूरची 31 देखील, आणि पैनगंगेपलीकडची, जी आधी एपी-01 होती, मग टीएस-01 झाली आणि आता टीजी-01 आहे. कृषी केंद्रासमोर, बँकेसमोर, दवाखान्यासमोर हँडलला हँडल लावून मोटारसायकली. मधली एक काढायची तर चार हलवाव्या लागतात आणि लोक त्या मुकाट्यानं हलवून देतात. यातली बहुतेक माणसं बेशिस्त नाहीत. गाडी कुठं लावावी हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही, कारण सांगण्यासारखी जागा नाही.

आणि जागा फार लागतही नाही. स्प्लेंडर दोन मीटर लांब असते आणि पाऊण मीटरही रुंद नसते. बैल सोडून बंडी टेकवायला जितकी भुई लागे तेवढ्यात चार-पाच सहज मावतात. बाजाराच्या दोन्ही तोंडांशी एकेक पट्टा, दवाखान्याच्या बाजूला एक, तहसीलजवळ एक. जमिनीवर चुन्याच्या रेघा, वर सावलीला झाडं किंवा पत्रा, पाण्याचा नळ आणि मराठीत नि तेलुगूत लिहिलेली पाटी. हे नगर परिषदेच्या आवाक्यातलं काम आहे. ते आधी व्हावं, मगच शहरात जॅमर आणण्याचा विषय निघावा. आणि व्हायचं तर मृग लागण्याआधी व्हावं. कापसाच्या बियाण्याच्या पाकिटांसाठी कृषी केंद्रांवर झुंबड उडते ती त्याच दिवसांत, आणि तेव्हा रुग्णवाहिकेला बाजारातून वाट मिळणं सगळ्यात अवघड जातं.