माठातला मोगरा

भामरागड, जि. गडचिरोली

चि. सोनूस,


परदेशातील दुकानांत मिळणाऱ्या ‘जॅस्मिन’ साबणाला आणि क्रीमला घरच्या माठाच्या पाण्यात टाकलेल्या मोगऱ्याचा वास का येत नाही, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर केवळ कंपन्यांच्या काटकसरीत शोधणे बरोबर होणार नाही; त्याचा निम्मा भाग त्या फुलाच्या उमलण्याच्या रीतीत आहे आणि उरलेला, ते झाड भामरागडसारख्या गावी पोहोचले कसे, या हकिकतीत आहे.

प्रजाती, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींचा गट, या अर्थाने जॅस्मिनमध्ये दोनशेच्या आसपास जाती मोजल्या जातात, आणि जाई, जुई, कुंद, मोगरा ही सगळी मंडळी त्यांतलीच होत. पारिजातक या प्रजातीतला नसला तरी त्याच कुलातला आहे, मध्य भारतातील पानझडी जंगलांत तो आपोआप उगवतो, आणि त्याच्या फुलांच्या केशरी देठांपासून पूर्वी रेशीम रंगवीत असत. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेल्या, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की अनेकदा जगापासून तुटणाऱ्या या माडिया आदिवासींच्या मुलखाचा स्वतःचा सुगंध मात्र मोहफुलांचा आहे: मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळून पडणारी ती मांसल, फिकट पिवळी फुले वेचण्यासाठी उजाडण्यापूर्वीच सारे घर टोपल्या घेऊन झाडाखाली जाते, आणि ती अंगणात वाळत पडली की त्यांचा गोड, काहीसा आंबूस दर्प दुपारभर गावावर राहतो. मोगरा फुलू लागतो तोही याच दिवसांत. परंतु तो जंगलाचा नव्हे, अंगणाचा.

याचे कारण असे की लागवडीतल्या मोगऱ्याला फळ क्वचितच धरते, बी मिळत नाही, आणि त्यामुळे पक्षी, वारा किंवा नदी यांपैकी कोणीही त्याला एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ शकत नाही. फांदी कापून ओल्या मातीत खोचणे, अथवा झाडाचीच फांदी वाकवून मातीत दाबून तिला मुळे फुटल्यावर वेगळी करणे, ज्याला दाबकलम म्हणतात, याखेरीज त्याचा वंश पुढे जात नाही. म्हणून भामरागडात, किंवा आलापल्लीकडून येणाऱ्या रस्त्यावरील कोणत्याही गावात, एखाद्या अंगणात मोगरा दिसला, तर तो कोणी तरी, बदली होऊन आलेल्या शिक्षकाने, वनखात्याच्या कर्मचाऱ्याने, दुकानदाराने वा सासरी आलेल्या मुलीने, हाताने आणला असणार हे निश्चित समजावे.

याच वाटेने तो फार दूरही गेला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दुहेरी पाकळ्यांचा मोगरा गोव्याहून इटलीतील टस्कनीच्या तिसऱ्या कोझिमो या ग्रँड ड्यूककडे पोहोचला, आणि ड्यूकने त्याची एकही फांदी बागेबाहेर जाऊ नये असा कडक बंदोबस्त ठेवला. पुढे तेथील दंतकथेत एक माळी आपल्या प्रेयसीला चोरून एक डहाळी देतो, ती डहाळी लावून वाढवते, रोपे विकून संसार उभा करते, असे सांगितले जाऊ लागले. दंतकथा खरी असो वा नसो, फांदीवाचून हे झाड पसरत नाही ही खूणगाठ तिने अचूक बांधली आहे.

आता सुगंधाविषयी. मोगऱ्याची टपोरी कळी दिवसा तोडली तरी संध्याकाळ झाल्याशिवाय ती उमलत नाही, आणि उमलल्यावर पाकळ्यांमधील पेशी सुगंधी द्रव्ये साठवून न ठेवता, तयार होतील तशी रात्रभर हवेत सोडत राहतात. पांढरा रंग, लांब नळी आणि रात्रीचा दरवळ ही सारी व्यवस्था निशाचर पतंगांसाठी असते. या द्रव्यांत गोडसर, फळांकडे झुकणारे बेंझिल ॲसिटेट आणि फुलझाडांत सर्रास आढळणारे लिनॅलूल असते, तसेच इंडोल नावाचे एक द्रव्य असते, जे शुद्ध स्वरूपात चक्क घाण वाटते परंतु अत्यल्प प्रमाणात वासाला खोली देते. माठात टाकलेली कळी तेथेही जिवंतच असल्यामुळे, झाकणाखालील गार हवेत आपले काम चालू ठेवते, आणि पेला तोंडाशी नेताना पाण्यापेक्षा त्या हवेचीच गंमत अधिक असते. बाजारातील गजऱ्याची फुले मात्र माठात कधीही टाकू नयेत, कारण कळी पोखरणाऱ्या अळीसाठी त्यांवर औषध मारलेले असू शकते.

पुरवठा असा थेंबाथेंबाने होत असल्यामुळे सुगंध पकडण्याच्या जुन्या पद्धतीही धीराच्या होत्या. फ्रान्समधील ग्रास गावी काचेवर बिनवासाच्या चरबीचा थर देऊन त्यावर रोज ताजी फुले पसरीत. उत्तर भारतात तिळांमध्ये चमेलीची, म्हणजे जाईची, फुले थरांनी घालून मग ते तीळ घाण्यावर पिळीत. कनौजमध्ये तांब्याच्या डेगेतील फुलांची वाफ भपक्यातील, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातील, चंदनतेलात उतरवतात. आजच्या द्रावक पद्धतीने जाईचा एक किलो अर्क काढण्यास साधारण ६०० ते १,००० किलो फुले लागतात. साहजिकच, स्वस्त क्रीममध्ये तो नसतो. कारखान्यात बनवलेले बेंझिल ॲसिटेट असते, ज्यात गोडी आहे पण इंडोलचा तळ बहुधा नाही.

अस्सल अर्कही थेट त्वचेवर लावू नये, कारण तो काहींना पुरळ आणतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला पातळ करून लावून पाहावा. आयुर्वेदातील जात्यादि तेलाला जाईवरून नाव मिळाले असले तरी त्यात जाईची पाने असतात, फुले नव्हेत. ते जखमेसाठी असते, सौंदर्यासाठी नाही, आणि त्यात मोरचूद असल्याने पोटात घेण्याचे तर मुळीच नाही. घरी सुगंधी तेल करण्याची हौस असेल तर कोरड्या पुसलेल्या कळ्या तिळाच्या तेलात घालून, रोज जुन्या काढून नव्या घालाव्यात. पाण्याचा अंश राहिला तर तेल खवट होते.

येथील फांदी सामानातून परदेशी नेण्याचा विचार करू नये, कारण बहुतेक देशांत प्रमाणपत्राशिवाय ती विमानतळावरच काढून घेतात. तेथील रोपवाटिकांत ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ नावाने विकला जाणारा मोगरा तशाच दुहेरी पाकळ्यांचा असतो. एकेरी फुलांचा हवा असल्यास ‘मेड ऑफ ऑर्लिअन्स’ मागावा. कुंडी सर्वांत जास्त उन्हाच्या खिडकीत ठेवावी, हिवाळाभर पाणी अगदी बेताचे द्यावे, म्हणजे विदर्भातील संत्र्याच्या बागेला देतात तसा ताण द्यावा, आणि दिवस मोठे होऊ लागताच फांद्या निम्म्याने छाटून खत व पाणी सुरू करावे, कारण कळ्या नव्या फुटव्यांवरच येतात. हिटरच्या कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी होतो, तेव्हा आठवड्यातून एकदा पाने मागूनही धुवावीत. कळ्या धरल्या की कळवावे.

तुझी
आत्या