युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरची टिपणं

टोरांटोच्या युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवर मुलांचं ‘सिककिड्स’ आणि मोठ्यांचं टोरांटो जनरल ही रुग्णालयं शेजारी शेजारी आहेत. मध्ये फक्त जेरार्ड स्ट्रीट. १९८९ मध्ये सिककिड्समधल्या लॅप-ची त्सुई आणि जॅक रिओर्डन यांनी मिशिगनच्या फ्रान्सिस कॉलिन्सच्या साथीने सिस्टिक फायब्रोसिसचा जनुक शोधून काढला. त्याच्या आदल्याच वर्षी टोरांटो जनरलमध्ये या आजाराच्या एका रुग्णाला दोन्ही फुफ्फुसं नवी बसवण्यात यश आलं होतं. आजाराचं मूळ कळण्याआधीच त्याच्यावरची शेवटची शस्त्रक्रिया हाती आली. मी या भागात छातीची फिजिओथेरपी करते. सिककिड्समध्ये वाढलेली मुलं अठरा वर्षांची झाली की आमच्याकडे मोठ्यांच्या विभागांत येतात.

*

जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. त्यातून १,४८० अमिनो आम्लांचं एक प्रथिन बनतं. पेशीतून क्लोराइडची ये-जा सांभाळणं हे त्याचं काम. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोषात ५०८ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल गळलेलं असतं. तेवढ्याने प्रथिनाची घडी चुकते आणि पेशी ते आतल्या आतच मोडीत काढते. मग श्वासनलिकांतला ओलावा आटतो, कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि त्यात जंतू कायमचं बिऱ्हाड करतात. स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात, त्यामुळे खाल्लेलं अंगी लागत नाही.

*

“आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं.” हे वाक्य इथे आलेल्या एका नागपूरकर आजींनी सुनेकडे बघत म्हटलं होतं. सून खाली मान घालून बसली होती.

दोन्ही बाजूंनी जनुकाची एकेक सदोष प्रत आल्याशिवाय हा आजार होत नाही. एकच सदोष प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता नसतो. अशा आई-वडिलांच्या दर मुलामागे आजाराची शक्यता चारात एक. मी हे कागदावर काढून दाखवते, आणि घरातली सगळी मोठी माणसं समोर असतानाच दाखवते.

*

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली. उष्माघाताने रुग्णालयात आलेल्या मुलांत या आजाराची मुलं फार दिसली. डॉ. पॉल दि सांत’अ‍ॅग्नेसी यांनी त्याचा माग काढला आणि १९५३ मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ प्रमाणाबाहेर असतं. १९५९ मध्ये घामाच्या तपासणीची सोपी पद्धत निघाली. तीच आजही निदानाचा कणा आहे. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त क्लोराइड असेल, तर निदान जवळजवळ पक्कं.

हे वाचताना मला दर वेळी विदर्भातला मे महिना आठवतो. मिठाचं असं गळणं चाललेलं बाळ तिथे पंचेचाळीस अंशांत किती दिवस काढेल? भारतातल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की आपल्याकडे बरीच बाळं आधी सोडियम-पोटॅशियम घसरल्यामुळेच दाखल होतात. खरा आजार मागे राहतो. पुढे कुपोषण म्हणून उपचार होतात, नाहीतर क्षय म्हणून.

*

रोजचं काम लिहून ठेवते, कारण शस्त्रक्रियेच्या बातम्यांत ते कधी येत नाही. सकाळी उठल्यावर आधी श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. मग खारट पाण्याची वाफ नेब्युलायझरमधून. (ही युक्ती ऑस्ट्रेलियात सापडली. समुद्रात सर्फिंग करणाऱ्या रुग्णांची छाती जास्त मोकळी राहते, असं तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. २००६ मध्ये तिची नीट चाचणी छापून आली.) मग कफ सुटावा म्हणून छाती-पाठ थोपटणं, किंवा थरथरणारं जाकीट घालून बसणं. मग प्रतिजैविकाची वाफ. जेवताना दर घासाचा हिशेब करून एन्झाइमच्या कॅप्सूल. संध्याकाळी पुन्हा तेच. ताप असो, परीक्षा असो, लग्न असो, सुट्टी नाही.

जाकीट येण्याआधी हे सगळं आयांच्या हातांनी केलं. मूल मांडीवर पालथं घेऊन, तळवा खोलगट करून, एकेका भागावर काही मिनिटं. वर्षानुवर्षं. आज चाळिशीत असलेले माझे काही रुग्ण त्या हातांमुळे प्रत्यारोपणाच्या यादीपर्यंत पोचले. माझ्या लेखी पहिल्या शल्यविशारद त्या बायकाच.

*

या आजाराच्या दोन माणसांनी एकमेकांच्या जवळ बसायचं नाही. निदान सहा फूट अंतर. एकाच्या छातीतला सुडोमोनास किंवा बर्कहोल्डेरिया हा जंतू दुसऱ्याच्या छातीत गेला तर घात होतो. पूर्वी या मुलांची उन्हाळी शिबिरं भरत. संसर्ग तिथूनच पसरतो हे कळल्यावर नव्वदच्या दशकात ती बंद झाली. ज्याला आपलं दुखणं न सांगता कळेल, त्याच्याच शेजारी बसता येत नाही. मला या आजारातली ही सगळ्यात क्रूर गोष्ट वाटते.

*

मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये माणसाला पहिलं फुफ्फुस बसवलं. रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर वीस वर्षं जगभर अपयशच. १९८३ मध्ये टोरांटोत जोएल कूपर यांच्या चमूने एक फुफ्फुस बसवलं आणि तो रुग्ण सहा वर्षांहून जास्त जगला. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मात्र एक बदलून भागत नाही. उरलेल्या जुन्या फुफ्फुसातला संसर्ग नव्यात उतरतो.

*

यादीत नाव घालायचं कधी? फुंकर मारायच्या चाचणीत क्षमता तिशीच्या टक्क्यांत आली की बोलणं सुरू होतं. फार लवकर केलं तर हातची वर्षं जातात, उशीर केला तर शरीर शस्त्रक्रिया सोसत नाही. गावोगावची माणसं बिऱ्हाड हलवून टोरांटोत येऊन राहतात, सोबत घरचं एक माणूस. फोन येतो, उपाशीपोटी धावत जातात, आणि दात्याचं फुफ्फुस चांगलं नाही म्हणून परत पाठवलं जातं. असं एकाहून जास्त वेळाही होतं.

२००८ पासून इथे दात्याचं फुफ्फुस शरीराबाहेर, शरीराच्याच तापमानाला यंत्रावर ठेवून तपासतात. ते पारदर्शक घुमटाखाली फुगतं आणि बसतं. जी फुफ्फुसं पूर्वी नाकारली गेली असती, त्यातली कितीतरी आता कामी येतात. शफ केशवजी यांच्या चमूचं हे काम. श्वसनविकाराच्या क्षेत्रात मी पाहिलेली याहून उपकारक गोष्ट मला सांगता येणार नाही.

*

एप्रिल २०१६. टोरांटो जनरलमध्ये या आजाराची एक तरुण आई मरणाच्या दारात. फुफ्फुसातला संसर्ग रक्तात उतरलेला, प्रतिजैविकं हरलेली, दाता नाही. डॉक्टरांनी तिची दोन्ही फुफ्फुसं काढून टाकली. सहा दिवस तिच्या छातीत फुफ्फुस नव्हतं, यंत्रं रक्ताला प्राणवायू देत होती. संसर्गाचं घर गेल्यावर रक्तदाब सावरला. मग दाता मिळाला, आणि ती मुलीकडे घरी गेली. असं जगात पहिल्यांदाच घडलं. निर्णय घेणाऱ्या तिच्या नवऱ्याचा आणि आई-वडिलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. होकार त्यांनाच द्यायचा होता.

*

नव्या फुफ्फुसात हा आजार नसतो, तिथल्या पेशी दात्याच्या. पण नाक, सायनस, स्वादुपिंड, घाम जुनेच राहतात. एन्झाइमच्या कॅप्सूल सुटत नाहीत.

आणखी एक. कापलेल्या मज्जातंतूंमुळे श्वासनलिकेच्या जोडाखाली खोकल्याची उबळच येत नाही. जन्मभर खोकून थकलेल्या माणसाला आता मुद्दाम खोकायला शिकवावं लागतं. ते माझं काम. एका रुग्णाला पहिल्या आठवड्यात झोप लागेना. छातीत घरघर नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय, असं त्याला वाटत राही.

रोजच्या गोळ्या आता प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्याने रक्तात औषध वाढतं. तरीही शरीर हळूहळू परकं फुफ्फुस नाकारू लागतं. जगभरचा सगळ्या आजारांचा अनुभव धरला तर निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांच्या पुढे जातात. या आजाराच्या रुग्णांचं थोडं बरं. लहानपणापासून अंगी बाणलेली रोजची शिस्त त्याला कारण आहे, असं मी मानते.

*

दात्याच्या घरच्यांना पत्र लिहिता येतं, पण नाव-गाव न देता, मधल्या संस्थेमार्फत. कागद घेऊन महिनोन्‌महिने बसलेली माणसं मी पाहिली आहेत. “थँक यू”च्या पुढे काय लिहायचं? एका मुलीने शेवटी एवढंच लिहिलं, की काल ती जिना न थांबता चढली.

*

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टाला मान्यता मिळाली, कॅनडात २०२१ मध्ये. ही गोळी प्रथिनाची घडीच नीट बसवते. प्रत्यारोपणाच्या यादीतली या आजाराची नावं झपाट्याने कमी झाली. पण अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर. २०२३ मध्ये भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि युक्रेनमधल्या कुटुंबांनी स्वस्त औषधासाठी एकत्र मोहीम उघडली. त्यांची मागणी शंभर टक्के न्याय्य आहे. शिवाय ५०८ चा दोष आपल्याकडे युरोपपेक्षा कमी आढळतो, म्हणजे ही गोळी ज्यांना लागू पडणार नाही अशी मुलंही आपल्याकडे जास्त.

त्याही आधीची अडचण म्हणजे निदान. मराठीत हे वाचणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना आणि आयांना माझं सांगणं एवढंच: बाळ भरपूर खाऊनही वजन धरत नसेल, शी तेलकट आणि घाण वासाची असेल, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, पापा घेताना कपाळ खारट लागत असेल, तर क्षयाची औषधं सुरू करण्याआधी घामाची तपासणी मागा. ती सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात जावं लागेल. जा.