यात्रेचे पैसे कुठे कुठे जातात

आमच्या सोलापूरला पर्यटक कमी, भाविक जास्त. पश्चिमेला पंढरपूर, उत्तरेला तुळजापूर, आग्नेयेला अक्कलकोट, पुढे कर्नाटकात गाणगापूर. 'दोन दिवसांत चार देव' अशी पाटी लावली की गाडी भरलीच समजा.

माझ्या मावसभावाचं नवी पेठेत टूर्सचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर शेजारी शेजारी काशी आणि स्वित्झर्लंड! अधूनमधून दुपारी मी तिथे चहाला जाऊन बसतो. बसून बसून या धंद्याची आतली बाजू थोडीफार कळायला लागली आहे.

लांबच्या टूर तो स्वतः काढत नाही, नुसत्या विकतो. काशीची टूर एका मोठ्या कंपनीची. त्या कंपनीचा वाराणसीत एक एजंट, आणि त्या एजंटने ठरवलेलं हॉटेल, बस, गाइड. प्रत्येक पायरीवर कोणीतरी आपलं काढून घेतो. यात लबाडी नाही, प्रत्येकाला पोट आहे. पण आपल्याला दिसतो तो एकच आकडा, 'माणशी इतके'.

हा आकडा कमी दिसावा लागतो, कारण गिऱ्हाईक चार ठिकाणी विचारून आलेलं असतं. मग तूट भरून काढायची कुठून? दुकानांतून. बनारसला 'विणकाम पाहायला' म्हणून नेतात ते साडीच्या दुकानात. त्यांना नावं कशाला ठेवायची, आपल्याकडेही यात्रेची बस चादरीच्या दुकानापाशी थांबतेच की. ड्रायव्हरला चहा फुकट, वर विक्रीवर कमिशन. ते कमिशन चादरीच्या किमतीत बसवलेलं असतं. म्हणजे स्वस्त टूरचे उरलेले पैसे आपण दुकानात भरतो, आणि देवळातला अर्धा तास जातो तो वेगळाच.

विमानाच्या तिकिटावर पूर्वी एजंटला विमान कंपनी कमिशन द्यायची. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्यांनी २००८ मध्ये ते बंद करायला घेतलं. तेव्हापासून त्याची भिस्त सर्व्हिस चार्जवर आणि पॅकेजवर. नुसतं तिकीट मागायला गेलात की तो हळूच हॉटेलचं विचारतो, ते यामुळे.

पण खरी मेख आहे ती पैसे कधी दिले जातात यात. आपण काही महिने आधी भरतो, पुढच्या माणसाला ते बरेचदा नंतर मिळतात. मधल्या काळात धंदा आपल्याच पैशांवर चालतो. १८४१ मध्ये रेल्वेची सहल काढणाऱ्या थॉमस कुकच्या नावाची ब्रिटिश कंपनी सप्टेंबर २०१९ मध्ये बुडाली. (भारतातली त्याच नावाची कंपनी वेगळी, ती चालू राहिली.) तेव्हा दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने विमानं पाठवून त्यांना आणलं. तिथे विमानाच्या प्रत्येक पॅकेजमागे थोडे पैसे एका निधीत जमा होतात, अशाच वेळेसाठी.

आपल्या यात्रेकरूमागे असा निधी नाही.

२०२० च्या मार्चमध्ये पूर्व भागातल्या नऊ बायका काशीला निघणार होत्या. विड्या वळून, भिशी लावून साठवलेले पैसे. लॉकडाउन लागला. रद्द झालेल्या गाडीचे पैसे रेल्वेने परत दिले. हॉटेल-बसचे मात्र कंपनीकडे अडकले, बदल्यात व्हाउचर आलं, 'पुढे कधीही या'. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा आदेश दिला, पण तो विमान तिकिटांपुरता. त्या नऊजणींतल्या एक अक्का पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेत गेल्या. व्हाउचर दुसऱ्याच्या नावावर होत नाही, असं कंपनीने कळवलं.

अक्कांची मुलगी नवी पेठेत आली. मोठ्या कंपनीचा पत्ता तिला कुठून ठाऊक असणार? तिला माहीत होतं ते एवढं एक टेबल. भावाने आपल्या खिशातून पैसे दिले. त्याच्या वाट्याला त्या बुकिंगमागे आले असतील त्याच्या कितीतरी पट.

मला यात या धंद्याचं सगळं गणित दिसतं. पैसा वर वर जातो आणि जबाबदारी खाली खाली येते. शेवटी उत्तर द्यायला उरतो तो सगळ्यात कमी कमावणारा माणूस, कारण तोच गावात राहतो, रोज समोर दिसतो.

म्हणून बुकिंग करताना 'माणशी किती' हे विचाराच, पण आणखी दोन प्रश्न विचारा. रद्द झालं तर पैसे कोण देणार, आणि किती दिवसांत? उत्तर तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या. एजंटला राग येणार नाही. वरच्या कंपनीशी भांडायला त्यालाही तो कागद लागतोच.