पाकी, वजू आणि व्यायाम

लघवीचा एक थेंबही कपड्याला लागू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणीच मिळते. त्यामुळे प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी आवरेनाशी झाली की आपल्यातला माणूस दुखण्यापेक्षा नापाकीच्या विचाराने जास्त खचतो.

2022 साली कॅन्सरमुळे आमच्या अब्बांची प्रोस्टेट ग्रंथी काढावी लागली. नळी निघाली आणि गळती सुरू झाली. खोकला आला, खुर्चीवरून उठले, की कपडे ओले. अब्बांनी मशिदीत जाणेच सोडले. कोणी विचारले तर "गुडघे दुखतात" म्हणायचे.

आम्ही भावंडे दोन ठिकाणी गेलो. आधी मौलानांकडे. त्यांनी माजूरचा मसला समजावला. एका नमाजाच्या पूर्ण वेळेत वजू करून फर्ज अदा करण्याइतकीही गळती थांबत नसेल, तर हनफी फिकहप्रमाणे तो माणूस माजूर ठरतो. त्याने प्रत्येक वेळेसाठी नवा वजू करावा. ती वेळ संपेपर्यंत त्या गळतीने वजू तुटत नाही.

मग फिजिओथेरपिस्टकडे. तिने सांगितले की मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट काढली की लघवी रोखण्याचा बराच भार खालच्या झडपेवर आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर येतो. ते स्नायू बळकट करता येतात. पण ते ओळखायचे कसे? ती म्हणाली, "चाचा, नमाजात वारा सरू नये म्हणून जे आवळता ना, तेच." अब्बा कितीतरी दिवसांनी हसले.

तो स्नायू आत आणि वर ओढायचा, पाच सेकंद धरायचा, तितकाच वेळ सैल सोडायचा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करायचा नाही. गळतीच्या भीतीने पाणी कमी प्यायचे नाही, चहा मात्र कमी करायचा. सजद्यातून उठण्याआधी, खोकण्याआधी स्नायू आवळून घ्यायचा. अब्बांनी फजर, जोहर आणि इशानंतरची वेळ ठरवून टाकली.

चौथ्या महिन्यात दिवसाला एक पॅड पुरू लागले आणि अब्बा जमातीला जाऊ लागले. प्रत्येकाला इतक्या लवकर गुण येतो असे नाही. कुणाला वर्षही लागते, आणि त्यानंतरही गळती राहिली तर डॉक्टरांकडे पुढचे उपाय असतात.

या निमित्ताने आम्हाला एक गोष्ट कळली. हे व्यायाम अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी 1948 साली मांडले, ते बाळंतपणानंतर त्रास होणाऱ्या बायकांसाठी. आणि माजूरच्या मसल्याची एक मोठी दलील फातिमा बिन्ते अबी हुबैश यांच्या हदीसमध्ये आहे. रक्तस्राव थांबत नाही, मग नमाज सोडू का, असे त्यांनी खुद्द पैगंबरांना विचारले होते. एका बाईने अशी गोष्ट नबींसमोर बोलून दाखवली, म्हणून आज आपल्या पुरुषांची नमाज सोपी झाली. आपले पुरुष मात्र डॉक्टरपुढेही बोलायला शरमतात.

अब्बांनी ही हकीकत मशिदीतल्या एका दोस्ताला सांगितली. त्याच आठवड्यात दोन बुजुर्ग त्यांना व्यायाम विचारायला घरी आले. त्या दोघांचेही म्हणे गुडघेच दुखत होते.