किल्ली कुणाच्या खिशात

आलिशान गाडी ज्याच्या नावावर असते, तिची किल्ली बहुधा त्याच्या खिशात नसते. आपल्याकडे तरी नसते. साहेब मागे बसतात आणि किल्ली पुढे बसलेल्या ड्रायव्हरकडे असते. सकाळी सोसायटी उठायच्या आत तो गाडी पुसायला येतो, रात्री गाडी लावून वर किल्ली देऊन जातो. पन्नास लाखांच्या वरची वस्तू रोज अशी हातातून हातात जाते, आणि त्याची कुठे पावती फाडली जात नाही. मला या गाड्यांच्या इंजिनापेक्षा, लाकडी पट्ट्यांपेक्षा या देवघेवीचं अप्रूप अधिक वाटतं.

पहिल्या मोटारगाडीला किल्ली नव्हतीच. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली, तेव्हा तिने ती गाडी बनवणाऱ्या नवऱ्याला, कार्ल बेंझला, विचारलंही नव्हतं. चाक हाताने फिरवायचं, इंजिन धडधडायला लागलं की बसायचं. किल्ली असती तर ती कार्ल बेंझच्या खिशात असती, आणि जगातला मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास बहुतेक घडलाच नसता. किल्ली वळवली की इंजिन सुरू, ही आपल्याला जन्मापासूनची वाटणारी सोय अमेरिकेत क्रायस्लरने आणली ती 1949 मध्ये.

पुण्याचा या गोष्टीशी संबंध आला तो 1995 मध्ये. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी आदल्याच वर्षी स्थापन झाली होती आणि टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यात डब्ल्यू 124 ही ई-क्लास गाडी जुळवली जाऊ लागली. चौकोनी, गंभीर चेहऱ्याची गाडी. युरोपात तोवर तिची पुढची पिढी येऊ घातली होती. पण ज्यांनी ती चालवली, ते अजून तिच्या दारांबद्दल बोलतात. ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की गाडीच्या मागच्या अंगाला एक छोटा पंप हुंकार द्यायचा, नळ्यांतून हवा खेळायची आणि चारी दारांची बोंडं खाली बसायची. त्या हुंकारात घाई नव्हती. आजची गाडी बटण दाबताच दिवे लुकलुकवते, तिला तो रुबाब नाही.

त्या काळच्या मर्सिडीजबरोबर दोन तऱ्हांच्या किल्ल्या मिळत. एक सगळं उघडणारी. दुसरीने दार उघडे, इंजिन चाले, पण डिकी आणि पुढचा कप्पा बंद राही. गाडी हॉटेलच्या दारात परक्याच्या हाती सोपवताना द्यायची ती किल्ली. आपल्या वाड्यांत कर्त्या बाईच्या कमरेला जुडगा असायचा आणि त्यातली कोठीची किल्ली सुनेच्या हाती कधी पडायची यावर घरातलं तिचं स्थान ठरायचं, तसंच हे. ड्रायव्हरला कुठली किल्ली मिळाली, यावरून साहेबांचं माप कळत असे.

फियाट-अँबेसेडरच्या काळात किल्ली हरवली तर कपाळाला आठ्या पडायच्या, एवढंच. कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे मूळ किल्लीही लागत नसे. तो कोरी किल्ली कुलपात घालून जरा जोर देऊन हलवी, बाहेर काढून उजेडात तिरपी धरी. आतल्या पत्र्यांनी पितळेवर उमटवलेल्या बारीक खुणा त्याला दिसत, आपल्याला नाही. तेवढ्याच जागी कानस दोनदा फिरवायची, पुन्हा घालायची, पुन्हा बघायची. थोड्या वेळात कुलूप ‘हो’ म्हणे. न दिसणाऱ्या आतल्या आकाराशी बोटांनी चाललेलं हे बोलणं होतं. हे कसब हातांतलं होतं, आणि ते जाणारे हात आपण मुकाट्याने जाऊ दिले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण जे उघडणं त्याला साधत होतं, ते चोरालाही साधत होतं. नव्वदच्या दशकात युरोपात गाड्या चोरीला जाण्याचं प्रमाण इतकं वाढलं, की 1998 पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचा झाला. त्याच सुमारास मर्सिडीजच्या किल्लीचं पातंच गेलं. हातात आला एक काळा, गुळगुळीत तुकडा. तो डॅशबोर्डवरच्या खोबणीत सरकवला की खोबणीतली तार त्याला वीज पुरवते. म्हणून सेल संपलेला असला तरी गाडी सुरू होते. मग दोघांत इन्फ्रारेड किरणांनी सवाल-जवाब होतात. जवाब जुळला तर स्टिअरिंगचं कुलूप सुटतं आणि मगच किल्ली वळते. किल्ली आता आकार राहिली नाही, गुपित झाली. आणि गुपिताला कानस लागत नाही.

अशी किल्ली हरवली, की आरसी बुक, मालकाचं ओळखपत्र घेऊन अधिकृत शोरूमला जावं लागतं. त्या चासी नंबरासाठीच सांकेतिक आकडे भरलेली नवी किल्ली मागवली जाते आणि ती येईपर्यंत दिवस मोजावे लागतात. खर्चात एखादी चांगली जुनी दुचाकी येईल. किल्ली ड्रायव्हरच्या हातून हरवली असेल तर त्या दिवसांत त्याच्या घरी काय चालत असेल, याचा हिशेब कुठल्याच बिलात नसतो.

तरी कारागीर संपला नाही. पुण्यातल्या एका अरुंद गाळ्यात मी त्याचा नवा अवतार पाहिला. भिंतीवर जुन्या कोऱ्या किल्ल्या अजून टांगलेल्या, पण टेबलावर सोल्डरिंगची पेन्सिल, चिमटा आणि भिंग. एक ड्रायव्हर ई-क्लासची किल्ली घेऊन आला होता. दार उघडायचं बटण दाबूनही काही होत नव्हतं. दुरुस्ती करणाऱ्याने आधी टोकाची खिट्टी सरकवून आत लपवलेलं धातूचं पातं ओढून काढलं. सगळी वीज गेली तर ड्रायव्हरचं दार तेवढं उघडावं म्हणून ठेवलेलं. इतक्या विजेच्या करामतींनंतरही जर्मन माणसाने ते पातं काढून टाकलं नाही, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मग कवच उघडलं. नखाएवढ्या पट्टीवर तीळभर बटण, रोजच्या अंगठ्याने खचलेलं. त्याने ते गरम हवेने उचललं, नवं बसवलं, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर किल्ली धरून बटण दाबलं. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड ठिपका पडद्यावर जांभळा चमकला.

“साहेबांना सांगू नका बिघडली होती म्हणून,” ड्रायव्हर म्हणाला. “बटण झिजलंय दादा, तुम्ही नाही बिघडवलं,” दुरुस्ती करणारा म्हणाला आणि खचलेलं बटण त्याच्या तळहातावर ठेवलं, दाखवायला लागलं तर असावं म्हणून.

पुढे किल्ली खिशातून बाहेर काढायचंही कारण उरलं नाही. हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की गाडी सुरू. पण 2011 मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मोटारींवर प्रयोग करून दाखवला: किल्लीचा संदेश उपकरणांनी लांबवर पोचवला, की किल्ली जवळच आहे असं समजून गाडी दार उघडते. त्यानंतर पडून राहिली की झोपी जाणाऱ्या किल्ल्या आल्या. चोर आणि कुलूप यांची ही शर्यत पितळेच्या काळापासूनची आहे, त्यात मला नवल वाटत नाही.

मला विचार पडतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. 2017 मध्ये चाकणच्या कारखान्यातून लांब व्हीलबेसची ई-क्लास बाहेर पडली. वाढवलेली सगळी लांबी मागच्या माणसाच्या पायांसाठी. आणि किल्ली आता फोनमध्ये चालली आहे: मालकाने घरबसल्या ती दुसऱ्याच्या फोनवर पाठवायची, नको असेल तेव्हा काढून घ्यायची. हरवायची भीती नाही, हे खरंच मोठं सुख आहे. ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जाणार नाही. पण वर जाऊन किल्ली देताना होणारे दोन शब्द, “उद्या सहाला निघायचंय”, “मुलीचा निकाल लागला का?”, यांची वेळ कुठली?

त्या गाळ्यात हे बोलणं निघालं तेव्हा ड्रायव्हरने आपला फोन खिशातून काढला. काच तडकलेली, कडेला रबर लावलेलं. दुरुस्ती करणाऱ्यापुढे धरून त्याने विचारलं, “ह्याच्यात बसेल का हो ती किल्ली? की साहेब मला नवा घेऊन देतील?”