मुका शेजारी

मराठींत 'नांव ठेवणें' आणि 'नांवें ठेवणें' या दोहोंत एका वचनाचेंच काय तें अंतर आहे. पहिलें बारशाच्या दिवशीं मायेनें होतें. दुसरें बारा महिने चालतें आणि त्याला मायेची जरुरी लागत नाहीं. परंतु हीं दोन्ही कामें एकाच शब्दानें उरकल्याचा एक विलक्षण दाखला आम्हांस युरोपांतील स्लाव्ह भाषांत आढळला. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन वगैरे भाषा एकाच कुळांतील बहिणी होत. या सर्व बहिणींच्या घरीं नित्य वापरांत असलेल्या एका शब्दाची हकीकत आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युरोपचा नकाशा शिकवितांना 'जर्मनी' हें नांव आम्ही सहज उच्चारतों. त्या देशाचे लोक मात्र आपल्या देशास 'डॉइचलांड' म्हणतात. 'डॉइच' या शब्दाचा मूळ अर्थ 'लोकांची', म्हणजे लॅटिन न जाणणाऱ्या सामान्य जनांची बोली, असा आहे. फ्रेंच लोक त्याच देशाला 'आलमान्य' म्हणतात, कारण त्यांच्या सरहद्दीवर आलमानी नांवाची टोळी राहत असे. आणि फिनलंडचे लोक सॅक्सन टोळीवरून त्यास 'साक्सा' म्हणतात. येथपर्यंत सर्व सरळ आहे. जो शेजारी प्रथम भेटला त्याचें नांव सबंध राष्ट्रास मिळालें. परंतु पूर्वेकडे वळावें तों निराळाच प्रकार दिसतो. पोलिश भाषेंत जर्मनी म्हणजे 'न्येम्त्सी', चेक भाषेंत 'न्येमेत्स्को', स्लोव्हेन भाषेंत 'नेम्चिया', क्रोएशियन भाषेंत 'न्येमाच्का'. रशियन लोक देशास 'गेर्मानिया' म्हणतात खरें, पण जर्मन मनुष्य त्यांच्याही तोंडीं 'न्येमेत्स'च आहे.

हा शब्द कोणत्या टोळीवरून आला असावा? ऱ्हाइन नदीकांठच्या नेमेतेस नांवाच्या प्राचीन जमातीकडे कांहीं पंडितांनीं बोट दाखविलें आहे. परंतु बहुतेक भाषाशास्त्रज्ञांस तें मान्य नाहीं. त्यांच्या मतें या शब्दाचें मूळ त्या भाषांतच आहे, आणि तें लपलेलेंही नाहीं. रशियन भाषेंत 'न्येमोय', पोलिश व चेक भाषांत 'न्येमी' या विशेषणाचा अर्थ एकच, आणि तो म्हणजे 'मुका'. तेव्हां 'न्येमेत्स' म्हणजे मुका मनुष्य. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं स्लाव्ह शेतकऱ्यानें वेशीवर आलेल्या परक्यास प्रश्न केला असेल, त्या परक्यानें आपल्या भाषेंत भडाभडा उत्तर दिलें असेल, आणि शेतकऱ्यानें घरीं जाऊन सांगितलें असेल कीं, तो मुका आहे! ज्याचें बोलणें आपणांस कळत नाहीं तो बोलतच नाहीं, असा हा न्याय होय.

हा न्याय करणाऱ्यांचें स्वतःचें जुनें नांव काय होतें? 'स्लोव्हेने'. स्लाव्ह भाषांत 'स्लोवो' म्हणजे शब्द. त्यावरून 'स्लोव्हेने' म्हणजे शब्दवाले, ज्यांचें बोलणें एकमेकांस कळतें ते, असा अर्थ पुष्कळ पंडित लावितात. या व्युत्पत्तीवर सर्वांचें एकमत नाहीं. हा प्रत्यय बहुधा स्थळांच्या नांवांस लागतो, म्हणून एखाद्या नदीवरून वा ठिकाणावरून हें नांव पडलें असावें, असेंही कांहीं म्हणतात. तथापि हीं दोन नांवें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे चित्र पुरें होतें. आम्ही शब्दवाले आणि शेजारी मुका!

शब्द एकदां घराबाहेर पडला कीं त्यास लगाम राहत नाहीं. जुन्या रशियांत केवळ जर्मनच नव्हे, तर पश्चिम युरोपांतून आलेला बहुतेक कोणीही 'न्येमेत्स' ठरत असे. १६५२ सालीं झार अलेक्सी याच्या हुकुमानें मॉस्को शहराबाहेर परकीयांची वेगळी वस्ती वसविण्यांत आली, तिचें नांव 'न्येमेत्स्काया स्लोबोदा'. तींत जर्मनांबरोबर डच, इंग्रज व स्कॉटिश लोकही राहत. पुढें ज्यास पीटर दि ग्रेट ही पदवी मिळाली तो तरुण झार याच वस्तींत वारंवार जाई. पॅट्रिक गॉर्डन हा स्कॉटिश सेनानी आणि जिनीव्हाचा फ्रान्स लफोर हे तेथील त्याचे स्नेही. रशियाच्या सैन्यास व आरमारास नवें वळण देण्याच्या कामीं त्यानें ज्यांचें ऐकलें, ते लोकांच्या भाषेंत 'मुके' होते!

स्लाव्ह कुळाबाहेरही हा शब्द गेला. हंगेरियन भाषेंत जर्मन मनुष्य 'नेमेत' झाला, रुमानियन भाषेंत 'न्याम्त्स'. तुर्कांनीं तो उचलला. आणि अरबी भाषेंत ऑस्ट्रिया देशाचें आजचें नांव 'अन्नम्सा' असें आहे. तें नांव वर्तमानपत्रांत वाचणाऱ्या कैरोच्या गृहस्थास आपण कोणाला मुकें म्हणत आहों याची कल्पनाही नसेल. नांवांतील दंश कालांतरानें निघून जातो, नांव तेवढें उरतें.

हा दोष एकट्या स्लाव्ह लोकांचा नव्हे. ग्रीक लोकांस परक्यांचें बोलणें नुसतें 'बर बर' असें ऐकूं येई, म्हणून ते त्यांस 'बार्बरोस' म्हणत; संस्कृतांत 'बर्बर' शब्द आहेच. 'म्लेच्छ' या शब्दाच्या धातूचा अर्थही अस्पष्ट बोलणें असाच आहे. असुरांनीं 'हेऽरयः' म्हणण्याऐवजीं 'हेलयः' असा उच्चार केला व ते पराभव पावले, ही पतंजलीच्या महाभाष्यांतील कथा प्रसिद्ध आहे. ज्यांना व्याकरणाचा तास कंटाळवाणा वाटतो त्यांनीं ती अवश्य ध्यानीं धरावी!

परंतु काळाची गंमत अशी कीं, शेजाऱ्यास मुकें म्हणणाऱ्यांवरच पुढें ती पाळी आली. मध्ययुगांत स्लाव्ह लोक इतके धरले व विकले गेले कीं, त्यांच्या नांवावरूनच लॅटिनमध्यें 'स्क्लावुस' म्हणजे गुलाम असा शब्द झाला. इंग्रजी 'स्लेव्ह' शब्द त्याचाच वंशज. शब्दवाल्यांचें नांव दास्याचें नांव झालें! त्यांची भाषाही ईश्वराच्या मंदिरांत मुकी ठरविण्यांत आली. ८६३ सालीं मोराव्हियाचा राजा रास्तिस्लाव याच्या विनंतीवरून सिरिल व मेथोडियस हे ग्रीक बंधु त्या देशांत गेले. स्लाव्ह भाषेस लिपि नव्हती, ती सिरिलनें तयार केली, आणि शास्त्रवचनें लोकांच्या बोलींत आणिलीं. त्या लिपीस पुढें मिळालेलें 'ग्लागोलित्सा' हें नांवही बोलणें या अर्थाच्या शब्दावरूनच आलें आहे. जर्मन धर्माधिकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. ८६७ सालीं व्हेनिस येथें वाद झाला, तेव्हां हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा उपासनेस योग्य, असा प्रतिपक्षाचा आग्रह होता. पाऊस सर्वांवर सारखा पडत असतां इतर राष्ट्रांनीं आंधळें व बहिरें राहावें काय, अशा आशयाचें उत्तर सिरिलनें दिल्याचें त्याच्या चरित्रांत आहे. ८६९ सालीं तो रोम येथें वारला. मेथोडियस यास बव्हेरियाच्या बिशपांनीं अडीच वर्षें कैदेंत ठेविलें. ८७३ सालीं पोप आठवा जॉन यानें त्याची सुटका करविली आणि ८८० सालीं स्लाव्ह भाषेंतील उपासनेस संमति दिली. ज्यांना 'मुके' म्हटलें होतें तेच 'शब्दवाल्यांस' गप्प बसवूं पाहत होते.

आतां 'स्लोवो' या शब्दाकडे पुन्हा पाहूं. याचें मूळ कोणतें? आमच्या 'श्रु' धातूचें जें मूळ तेंच. 'श्रवण', 'श्रुति' आणि कीर्ति या अर्थाचा वैदिक 'श्रवस्' हे शब्द 'स्लोवो'चे सख्खे नातलग आहेत. कीर्ति या अर्थाचा स्लाव्ह 'स्लावा' शब्दही त्यांतलाच. म्हणजे स्लाव्ह भाषांत शब्दाला जें नांव आहे तें तोंडावरून पडलेलें नाहीं, कानावरून पडलें आहे. शब्द म्हणजे जें ऐकिलें जातें तें! मग जेथें कोणी ऐकत नाहीं तेथें बोलणारा मुका ठरला, यांत त्याच्या जिभेचा दोष किती आणि आमच्या कानाचा किती? प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत हा हिशेब चोख मांडला आहे. भाषेचा अर्थ न कळला तर बोलणारा मला परका आणि मीही त्याला तितकाच परका, असा त्याचा भावार्थ आहे. परकेपणा दोहींकडून मोजावा लागतो.

हें सर्व लिहितांना आमच्या डोळ्यांपुढें युरोप जितका होता तितकेंच एक वसतिगृहही होतें. कांहीं वर्षांपूर्वीं सातपुड्याच्या डोंगरांतील एका पाड्यावरून एक मुलगा तेथें आला. घरीं पावरी बोलणाऱ्या त्या मुलास पुस्तकी मराठी नवी होती. वर्गांत तो खालीं मान घालून बसे, आणि पंधरा दिवसांच्या आंत मुलांनीं त्याचें नांव 'मुका' ठेवून दिलें. एके रविवारीं त्याची आई भेटावयास आली. विहिरीजवळच्या कट्ट्यावर मायलेंकरें बसलीं, आणि तो मुलगा तासभर अखंड बोलत होता. हातवारे करीत होता, कोणाची तरी नक्कल करीत होता, आणि ती माउली पोट धरून हंसत होती. आसपासचीं मुलें खेळ थांबवून पाहत राहिलीं. संध्याकाळीं त्यांतील एकानें त्याच्याजवळ जाऊन पावसाला तुमच्याकडे काय म्हणतात, असें विचारिलें. तें नांव त्या दिवसापासून बंद पडलें. कोणास सांगावें लागलें नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढें तुम्ही शिक्षणासाठीं व पोटासाठीं दूरदूरच्या मुलखांत जाल. तेथें कित्येक ठिकाणीं पहिले कांहीं महिने तुम्हीच 'न्येमेत्स' व्हाल. त्या वेळीं कोणी तुम्हांस पावसाचें नांव विचारिलें तर तुम्हांस किती बरें वाटेल, हें ध्यानीं ठेवा. आणि तोंवर आपल्या बाकावर जो गप्प बसतो त्याला तें तुम्ही विचारा.